पापा लहान होता तेव्हा

परक्या भाषेत पाणी मागता येते, रस्ता विचारता येतो, आभारही मानता येतात. तेवढ्या शिदोरीवर माणूस परदेशात महिनाभर सहज निभावून नेतो. पण नातवाला जवळ बसवून, ‘तुझा बाबा लहान होता ना, तेव्हा काय व्हायचं माहीत आहे?’ अशी सुरुवात करायची असेल, तर ती शिदोरी पुरत नाही. तिथे व्याकरणातला एक खास काळ लागतो. घडून संपलेल्या गोष्टीचा नव्हे, तर पुन्हा पुन्हा घडत राहणाऱ्या, रोजच्या, संथ गोष्टींचा काळ. फ्रेंचमध्ये त्याला ‘अँपार्फे’ म्हणतात. अँपार्फे म्हणजे अपूर्ण. त्यात दोष आहे म्हणून नव्हे, तर त्यातली क्रिया पुरी झाल्याचे तो सांगत नाही म्हणून.

जबलपूरच्या ग्वारीघाटाजवळ राहणाऱ्या एका मराठी आजींना हा काळ वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकावा लागला. कारण नातू राहतो कॅनडात, माँत्रियाल शहरात. त्याची आई तिथलीच, फ्रेंच बोलणारी. शाळा फ्रेंच, सवंगडी फ्रेंच, स्वप्नेही बहुधा फ्रेंचच. वडील मराठी असले तरी बापलेकांचे मराठी ‘ये, बस, जेव, झोप’ यापुढे सरकलेले नाही.

हे काही एकाच घरातले दृश्य नाही. क्वेबेक प्रांतात १९७७ साली भाषेचा कायदा झाला आणि बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमच घ्यावे लागू लागले. तेव्हा आई आणि वडील दोघेही मराठी असले, तरी तिथला नातू आजीशी बोलताना अडखळतो तो फ्रेंचमध्येच.

घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी

जबलपूर हे मराठी माणसाला परके गाव नाही. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या युद्धात तो इंग्रजांनी घेतला. पुढेही १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातली गावे होती. नोकरी, शिक्षण, सोयरीक अशा निमित्ताने मराठी कुटुंबे इथे येत राहिली आणि घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी अशी त्यांची रीत पडून गेली.

या आजीही त्यातल्याच. एका शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या. यजमान गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. एकुलता एक मुलगा २०१० मध्ये शिकायला माँत्रियालला गेला आणि २०१६ मध्ये त्याने तिथेच लग्न केले. आजोबांना ते रुचले नाही. मुलाचा फोन आला की ते काही न बोलता उठत आणि गच्चीवर जात. अशी दोन वर्षे गेली. २०१८ मध्ये नातू झाला आणि त्याचा पहिला फोटो पाहिला त्या दिवसापासून आजोबांचा राग विरघळला. ‘पुढल्या सुट्टीत घेऊन या त्याला,’ असे त्यांनी स्वतः फोन हातात घेऊन सांगितले.

पण २०२० ची ती सुट्टी आलीच नाही. करोनाची साथ आली. मे २०२१ मध्ये आजोबा गेले. त्याआधीच, २२ एप्रिलपासून, कॅनडाने भारतातून येणारी थेट प्रवासी विमाने थांबवली होती. मुलाला येता आले असते, तरी बायको आणि तीन वर्षांच्या पोराकडे परत कधी जाता येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. ग्वारीघाटावर अस्थी नर्मदेत सोडल्या, त्या मुलाने फोनवरच पाहिल्या.

त्यानंतर दर रविवारचा फोन सुरू झाला. घाटावरची आरती आटोपून आजी घरी येतात, साडेसातला फोन लागतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. नातू पडद्यासमोर येई, ‘बोंझूर, ग्राँ-मामाँ’ म्हणे आणि पळून जाई. त्याचा दोष नव्हता. पुढे बोलायला दोघांजवळ काही नव्हतेच.

एका रविवारी मात्र तो पळाला नाही. त्याला एक जुना फोटो सापडला होता. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर ओलाचिंब, काकडणारा, दात काढून हसणारा एक मुलगा. ‘हा पापा?’ त्याने विचारले. आजींनी तोवर फोनवरच्या धड्यांतून थोडी फ्रेंच गोळा केली होती. त्यांनी उत्साहाने वाक्य जुळवले, ‘पापा नाझ दाँ ला रिव्हिएर.’ पापा नदीत पोहतो. नातवाने मान वळवून मागे पाहिले. पापा तिथे संगणकासमोर बसला होता. नातू गंभीरपणे म्हणाला, ‘नाही, ग्राँ-मामाँ. पापा काम करतोय.’

सगळे हसले. आजीही हसल्या. पण रात्री अंथरुणावर पडल्या तेव्हा त्यांच्या मनात आले, वर्तमानकाळात आपल्याजवळ या पोराला सांगण्यासारखे आहे तरी काय? जे आहे ते सगळे मागे आहे.

इंग्रजीच्या वाटेने गेले की

भोपाळला आलियाँस फ्राँसेजची संस्था आहे, पण रोज तिथे जाणे जबलपूरहून शक्य नाही. तेव्हा आजींचे शिक्षण फोन, एक दोनशेपानी वही आणि रविवारी सूनबाई करील त्या दुरुस्त्या यांवर चालले होते. फोनवरचे धडे इंग्रजीतून. आणि भूतकाळाचा धडा आला तिथे गाडी अडली.

फ्रेंचमध्ये रोजच्या वापरात दोन भूतकाळ आहेत. एक घडून गेलेल्या घटनेचा, त्याला ‘पासे कोंपोज़े’ म्हणतात. दुसरा हा अँपार्फे. धड्यात इंग्रजी वाक्य येई, ‘ही वेंट’, आणि विचारले जाई, यातला कोणता काळ वापराल? आता ‘ही वेंट’ म्हणजे तो एकदा गेला की रोज जात असे, हे त्या एका शब्दावरून कसे कळावे? इंग्रजीत ‘यूज्ड टू’ आहे, पण दर वेळी ते लावतातच असे नाही. आजी अंदाजाने उत्तर देत आणि निम्म्या वेळा चुकत. ‘नदीवर गेले’ या अर्थी ‘नदीवर जात असत’ होई आणि ‘रोज जात असत’ म्हणायचे तिथे ‘गेले, संपले’ होऊन बसे.

एका दुपारी कंटाळून त्यांनी इंग्रजी वाक्यावर बोट ठेवले आणि फक्त फ्रेंच वाक्याचे मराठी केले. ‘इल आले’, तो जात असे. ‘इल शाँते’, तो गात असे. ‘एल प्रियेरे’ असे काही नसते, ‘एल प्रिये’ असते, ती प्रार्थना करीत असे. तीन-चार वाक्ये झाली आणि त्यांची त्यांनाच गंमत वाटली. तीस वर्षे वर्गात फळ्यावर खडूने लिहिलेला शब्द समोर उभा होता: रीतिभूतकाळ.

दाम करी काम

मराठी व्याकरणातला हा काळ आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा संपताच विसरतो. पूर्वी एखादी क्रिया नेहमी घडत असे, हे सांगायला तो असतो. ‘आजी पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी देई.’ किंवा, ‘आजी पहाटे उठत असे.’ किंवा बोलताना आपण सगळेच म्हणतो तसे, ‘आजी पहाटे उठायची.’ मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथाने मराठी काळांची जी बारकाईने छाननी केली, तिचा आधार शिक्षक आजही घेतात.

या ‘करी, येई, जाई’ची जन्मकथा तर फारच मौजेची आहे. ज्ञानेश्वरांच्या काळी हे भूतकाळाचे शब्द नव्हतेच. तेव्हा ‘करी’ म्हणजे ‘करतो’. संस्कृतातल्या वर्तमानकाळी रूपांपासून झिजत झिजत ते आले होते. पुढे मराठीने वर्तमानासाठी ‘करतो’ हे नवे रूप घडवले आणि जुने ‘करी’ हळूहळू मागे सरकून ‘पूर्वी करीत असे’ या अर्थाला जाऊन बसले. त्याचा मूळ अर्थ म्हणींत मात्र अजून जपलेला आहे. ‘दाम करी काम’ म्हणजे पैसा काम करीत असे, असे कोणी समजत नाही. ‘देव तारी त्याला कोण मारी’ हेही आजचेच. एके काळचा वर्तमान असाच पायाखालून सरकून आठवण होतो, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला ठाऊक असते. शब्दांचेही तेच होते.

आणखी एक योगायोग. मराठी भाषा कशी घडत गेली, याचा मोलाचा शास्त्रीय अभ्यास ज्याने केला, तो विद्वान फ्रेंच होता. ज्यूल ब्लॉक त्याचे नाव. मराठीच्या घडणीवरचा त्याचा ग्रंथ पॅरिसमध्ये १९२० साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. एका फ्रेंच माणसाला आपली क्रियापदे उलगडता आली, तर आपल्याला त्याची का येऊ नयेत?

फरक आहे तो एवढाच. मराठीत दोन कप्पे आहेत. ‘तो येत होता’ म्हणजे त्या क्षणी क्रिया चालू होती. ‘तो येत असे’ किंवा ‘यायचा’ म्हणजे नेहमी घडत होती. हिंदीतही ‘आ रहा था’ आणि ‘आता था’ असे दोन कप्पे आहेत. फ्रेंचने ते दोन्ही एकाच कप्प्यात ठेवले. मराठी माणसाला दोन कप्प्यांतले सामान एकात घालायचे असते. ते सोपे असते. एकातले निवडून दोनात घालणे अवघड, आणि ते काम फ्रेंच माणसाला मराठी शिकताना करावे लागते.

‘झाले’ म्हणजे संपले नव्हे

रूपे बनवण्याची कृती तर पाककृतीसारखी आहे. क्रियापदाचे वर्तमानकाळातले ‘आम्ही’चे रूप घ्यायचे. ‘नू पार्लों’, आम्ही बोलतो. शेवटचा ‘ओं’ काढून टाकायचा. उरले ‘पार्ल’. त्याला नवे शेपूट लावायचे, की झाले. मी बोलत असे, ‘झ पार्ले’. तू बोलत असस, ‘त्यू पार्ले’. तो किंवा ती, ‘पार्ले’. ते सगळे, तेही ‘पार्ले’. फक्त ‘आम्ही’ला ‘पार्लियों’ आणि ‘तुम्ही’ला ‘पार्लिए’. लिहिताना शेपटांची अक्षरे वेगवेगळी असतात, पण सहापैकी चार रूपे कानाला सारखीच. ज्याला फक्त बोलायचे आहे, त्याचे निम्मे काम इथेच हलके होते.

इतर काळांत जी क्रियापदे भलतीच हट्टी असतात, ती या काळात शहाण्यासारखी वागतात. ‘करणे’चे ‘नू फज़ों’, म्हणून ‘झ फज़े’. ‘पिणे’चे ‘नू ब्यूव्हों’, म्हणून ‘झ ब्यूव्हे’. ‘जवळ असणे’चे ‘नू ज़ाव्हों’, म्हणून ‘झाव्हे’. हा नियम मोडणारे क्रियापद एकच, आणि ते म्हणजे ‘असणे’. ‘नू सोम’ वरून काही निघत नाही. त्याचे वेगळेच ‘एते’ होते. जगातल्या पुष्कळ भाषांत ‘असणे’ हेच सर्वांत वाकडे क्रियापद असते. मराठीत ‘आहे’चे ‘होते’ होतेच की.

आजींना हसू आले ते ‘जाणे’ या क्रियापदाशी. ‘नू ज़ालों’, आम्ही जातो. त्यावरून ‘मी जात असे’ काय होईल? ‘झाले’! उच्चार जवळजवळ आपल्या ‘झाले’सारखाच. मराठीत ‘झाले’ म्हटले की विषय संपला, पाने वाढायला हरकत नाही. फ्रेंचमध्ये तेच कानावर पडले, की गोष्टीला सुरुवात होते.

‘पती’ची गंमत निराळी. ‘पती’ म्हणजे लहान. ‘काँ पापा एते पती’, पापा लहान होता तेव्हा. हे पहिले वाक्य पाठ करताना आजी स्वतःशीच हसत. नातवाने मात्र ते ऐकताच दुरुस्त केले, ‘पती नाही, पत्सी!’ क्वेबेकच्या बोलीत ‘इ’च्या आधीचा ‘त’ असा ‘त्स’ होतो, आपल्या ‘चूल’मधल्या ‘च’सारखा. फोनवरचे धडे फ्रान्सच्या उच्चाराचे होते. इंग्रजी शिकलेल्या माणसाला हा ‘त्स’ जड जातो, पण मराठी जिभेला तो जन्मापासून येतो. आजींनी ‘पत्सी’ पहिल्याच प्रयत्नात म्हणून दाखवले आणि नातवाने टाळ्या पिटल्या.

धरणी हलली ती पहाट

कोणता भूतकाळ कुठे वापरायचा, ही खरी अडचण. त्याचे उत्तर आजींना जबलपूरच्याच एका घटनेत मिळाले. २२ मे १९९७ च्या पहाटे चारच्या सुमारास इथे मोठा भूकंप झाला. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे घरातली माणसे अंगणात खाटा टाकून झोपली होती. त्या रात्रीचे वाक्य त्यांनी वहीत लिहिले, ‘नू दॉर्मियों काँ ला तेर आ त्राँब्ले.’ आम्ही झोपेत होतो, तेव्हा धरणी हलली. झोप चालू होती, ती अँपार्फे. मध्येच धरणी हलली, ती घटना, तिला दुसरा काळ. आकाश निरभ्र होते, हवा गरम होती, मुलगा अकरा वर्षांचा होता, हे सगळे चित्र अँपार्फेत. भिंतीला तडा गेला, शेजारी ओरडले, आजोबांनी पोराला उचलले, ही सगळी घडामोड दुसऱ्या काळात.

‘रोज’, ‘नेहमी’, ‘दर रविवारी’, ‘पूर्वी’ हे शब्द वाक्यात आले की बहुधा अँपार्फे. ‘एकदा’, ‘अचानक’, ‘त्या दिवशी’ आले की बहुधा दुसरा. पण इथे एक मेख आहे. क्रिया कितीदा झाली किंवा किती वर्षे चालली हे मोजून सांगितले, तर ती लांबलचक असली तरी संपलेली धरतात. ‘तो तीनदा पडला.’ ‘मी दहा वर्षे तिथे राहिलो.’ मराठीतही आपण इथे ‘पडत असे’ किंवा ‘राहत असे’ म्हणत नाही. मोजली ती गोष्ट संपली, हे मराठी कानाला न सांगता कळते.

मग आजी गोष्टी सांगू लागल्या. पहिली अर्थातच गाडीची. जबलपूरहून ग्वारीघाट, नैनपूर करीत महाराष्ट्रातल्या गोंदियाकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक छोटी गाडी जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग बांधला गेला. डबे लहान, चाल बेताची. त्या वेळी आजींचा मुलगा रुळांजवळ उभा राहून हात हलवी आणि गाडीतली माणसेही हात हलवीत. २०१५ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी जबलपूर-नैनपूर मार्गावरची ती गाडी बंद झाली आणि आता तिथून मोठ्या गाड्या धावतात. आजींनी सांगितले, ‘ल पती त्रँ पासे.’ छोटी गाडी जायची. नातवाने विचारले, रोज? रोज. पापा काय करायचा? ‘पापा हात हलवायचा.’ नातवाने पडद्यासमोर उभे राहून हात हलवून दाखवला. नदीतल्या नावा, पानाच्या द्रोणातले दिवे, पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा, थंडीत पाण्यातून बाहेर यायला न मागणारा पापा, असे सगळे एकामागून एक आले. आपला शिस्तीचा पापा कधीकाळी आईचे मुळीच ऐकत नसे, हे कळल्यावर तर रविवारचा फोन चुकवायची नातवाचीच तयारी नव्हती.

राग कोणत्या काळात सांगावा?

आणि मग एके दिवशी तो प्रश्न आला, ज्याची आजींना धास्ती होती. मुलांच्या कानावर मोठ्यांचे बोलणे पडतेच. नातवाने विचारले, ‘ग्राँ-पापा, इल नेमे पा मामाँ?’ आजोबांना मामाँ आवडत नसे का?

प्रश्न अँपार्फेत होता. म्हणजे तो एका दिवसाच्या नावडीचा नव्हता. नेहमीच्या, मनात मुरलेल्या नावडीचा होता. आजींनी उत्तर पुढच्या रविवारवर टाकले आणि आठवडाभर वही घेऊन बसल्या.

खोटे सांगायचे नव्हते. आजोबा रागावले होते, हे खरे होते. पण ते कसे सांगावे? ‘इल एते फाशे’ म्हटले, तर अर्थ होतो, ते रागावलेले असत. तो राग आदि-अंत नसलेला होतो, माणसाच्या स्वभावाला चिकटून बसतो. आणि ‘इल आ एते फाशे’ म्हटले, तर ते रागावले आणि तो राग सरला. दोन्ही वाक्यांत म्हणायला फरक एका ‘आ’चा. पण त्या ‘आ’च्या अलीकडे एक खाष्ट सासरा होता आणि पलीकडे दोन वर्षे रागावून मग निवळलेला एक बाप. शिवाय दोन वर्षे ही मोजलेली गोष्ट होती. व्याकरणही आजींच्याच बाजूने बोलत होते.

रविवारी त्या सावकाश म्हणाल्या, ‘इल आ एते फाशे. दज़ाँ. से फिनी.’ ते रागावले. दोन वर्षे. संपले ते.

मग त्यांनी काळ बदलला. ‘शाक स्वार, इल आले ओ घाट.’ रोज संध्याकाळी ते घाटावर जात. माशांना कणकेच्या गोळ्या घालीत. खिशात नातवाचा फोटो असे. ‘इल मोंत्रे ता फोतो.’ तुझा फोटो ते दाखवीत असत. नावाड्यांना, फुलवालीला, आरतीला आलेल्या अनोळखी माणसांनाही. कोणी विचारले, पोराचा रंग असा गोरा कसा, तर अभिमानाने सांगत, सून तिकडची आहे आमची.

मागे स्वयंपाकघरात सूनबाई काम करीत होती. ती हात पुसत पुढे आली आणि मुलाच्या शेजारी बसली. सासऱ्यांशी तिचे उभ्या जन्मात पाच-सहा वाक्ये बोलणे झाले असेल. त्यांच्या खिशातल्या फोटोची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. नवऱ्यालाही ती ठाऊक नव्हती. इतके दिवस आजींच्या प्रत्येक वाक्यात ती एक तरी दुरुस्ती सुचवी. त्या दिवशी आजींच्या दोन-तीन चुका झाल्या, पण तिने एकही दाखवली नाही. एवढेच म्हणाली, ‘पुन्हा सांगा.’

आजोबा गेले हे एका वाक्यात संपते. त्याला घटनेचा काळ पुरतो. ते कसे होते, काय करीत, कशावर हसत, काय गुणगुणत, याला एक वाक्य पुरत नाही आणि तो काळही चालत नाही.

हे फक्त फ्रेंचपुरते आहे असे नाही. ज्या घरातले नातवंड जर्मनीत किंवा जपानमध्ये वाढते आहे, तिथल्या आजी-आजोबांनीही आधी ‘पूर्वी असे होत असे’ एवढे एक वाक्य त्या भाषेत शिकावे. भाजी, हवा, तब्येत ही चौकशी दोन मिनिटांत आटोपते. त्यानंतर कामाला येते ते हेच वाक्य. वाक्यरचना शिकताना इंग्रजीचा आडवळणाचा रस्ता न घेता थेट मराठीशी ताडून पाहावे. आपल्या घरच्या क्रियापदांत परक्या भाषेची किल्ली असते, हे पुष्कळदा अनुभवाला येते. साध्या सभ्यतेचेच बघा. फ्रेंच माणूस नम्रपणे काही विचारताना ‘मला विचारायचे आहे’ म्हणत नाही, ‘झ व्हूले’ म्हणतो, विचारायचे होते. आपणही दुकानात, बँकेत, डॉक्टरांच्या दारात हेच म्हणतो, ‘जरा विचारायचं होतं.’ सोस थोडा कमी व्हावा म्हणून दोन्ही भाषा एक पाऊल मागे सरकतात.

आणि जे नातवंड याच गावात, याच घरात आहे, त्याचे काय? त्याला तर मराठी येते. त्याच्याशी कोणता काळ बोलला जातो? ‘आटप, उठ, अभ्यास कर,’ हा आज्ञार्थ सगळ्या घरांत भरपूर असतो. ‘तुझे आजोबा असे करीत असत’ हा रीतिभूतकाळ मात्र दुर्मिळ होत चालला आहे.

या काळाचा एक उपयोग आजींना पुस्तकात बराच उशिरा भेटला. नाव भूतकाळाचे असले, तरी एखादा बेत सुचवायलाही फ्रेंच लोक हाच काळ वापरतात. मराठीत आपण ‘गेलो तर?’ म्हणतो ना, तसेच. पुढची गोष्ट, पण रूप मागचे. आजींनी तो धडा वाचला आणि उदाहरण शोधायला वही उघडली. पण ते त्यांना लिहावे लागले नाही.

त्या रविवारी नातवाने नावेची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकली. मग तो आईकडे वळला, बापाकडे वळला आणि म्हणाला, ‘सी ओं नाले आ ग्वारीघाट?’

आपण ग्वारीघाटला गेलो तर?